उथळ सागरी भूकंपांचे विश्लेषण : मकरानच्या संदर्भात एक चिकित्सा

आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्यालगत २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे ८.१ महत्तेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामीच्या लाटा काही तासांत मुंबईपर्यंत पोहोचल्या व तेथेही प्राणहानी झाली. कोकण किनाऱ्याला मकरानकडून असलेल्या धोक्याचा विचार करताना बव्हंशी याच घटनेचा आधार घेतला जातो. अशा भूकंपाची खोली, विभंगाची नती आणि विभंगावरील सरक यांचे आकडे जणू प्रत्यक्ष मोजलेले असावेत अशा थाटात उद्धृत करण्याची प्रथा चिंत्य आहे. वस्तुतः ते आकडे म्हणजे शुद्ध निरीक्षण नव्हे. भूकंपालेख आणि गृहीत धरलेली भूरचना या दोहोंच्या संयोगातून निघालेले ते अनुमान होय.

रूढ विश्लेषणात पृथ्वीचे कवच आडव्या, एकजिनसी थरांचे मानले जाते. वाशीम जिल्ह्यातील जऊळका ज्या दख्खनच्या पठारावर वसले आहे, तेथील बेसाल्टचे थर जवळजवळ आडवेच पसरलेले आहेत. अशा भूमीत उथळ धक्का बसल्यास त्याच्या चहूबाजूंस भूकंपमापके ठेवता येतात, आणि हे गृहीत पुष्कळ अंशी निभावून जाते. मकरानची गोष्ट अगदी निराळी आहे. तेथे अरबी भूपट्ट अत्यंत मंद उताराने यूरेशियाई भूपट्टाखाली शिरतो. त्याच्या पाठीवरील गाळ सुमारे ७ किलोमीटर जाडीचा असून तो खरवडला जाऊन त्याची विस्तीर्ण पाचर रचली गेली आहे. तिच्या सागरी भागावर समुद्राचे पाणी, आणि मापके मात्र बहुधा जमिनीच्या एकाच अंगास. येथे आडव्या थरांचे गृहीत केवळ सोयीचे ठरते, यथार्थ नव्हे.

या गृहीताची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली खोलीच्या बाबतीत. समुद्रतळावरून परावर्तित होणारा तरंग आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा तरंग यांत गफलत होऊ शकते. पाणी ३ किलोमीटर खोल असेल तर दुसरा तरंग सुमारे ४ सेकंद उशिरा येतो. त्यालाच पहिला समजल्यास नाभी सुमारे १२ किलोमीटर अधिक खोल ठरते. उथळ भूकंपाच्या बाबतीत एवढी चूक म्हणजे त्याचे उथळपणच नाकारणे होय.

दुसरी बाब परिबलाची. उथळ नाभी आणि मंद नती असता दीर्घ आवर्तकालाच्या तरंगांवरून परिबल व नतीच्या दुपटीची साइन यांचा गुणाकार तेवढा नीट निश्चित होतो. नती ७ अंशांऐवजी १० अंश धरली, तर त्याच आलेखांतून परिबल सुमारे ३० टक्के कमी निघते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. परिबल म्हणजे खडकाची दृढता, भंग पावलेले क्षेत्र आणि सरासरी सरक यांचा गुणाकार. दृढता सर्वत्र ३० गिगापास्कल धरण्याचा परिपाठ आहे. परंतु बिलेक व ले यांनी १९९९ साली दाखविल्याप्रमाणे अधोगमन-पट्ट्यांच्या उथळ भागात ती पुष्कळच कमी असावी. ती एकतृतीयांश मानली, तर तेवढ्याच परिबलासाठी व क्षेत्रासाठी सरक तिप्पट होते. जपानमधील सानरिकू येथे १८९६ साली धक्का सौम्य व लाट मात्र संहारक होती. अशा विसंगतीचा एक उलगडा येथे सापडतो.

१९४५ च्या लाटांचे स्पष्टीकरण भूकंपाने पुरेसे होत नाही म्हणून समुद्रतळावरील भूस्खलनाची जोड काही अभ्यासकांनी सुचविली आहे. ही कल्पना त्याज्य नाही. लाटांना झालेल्या उशिराचा प्रश्न केवळ दृढता बदलून सुटत नाही. तथापि कठीण खडकाची दृढता धरून काढलेली उणीव भरून काढण्यासाठी दुसरे कारण शोधण्यापूर्वी ती उणीव खरोखरच आहे काय, हे तपासणे हा तर्काचा पहिला नियम आहे.

हैदराबाद येथे २००७ पासून त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत आहे. सूचना देण्यास मिनिटांचाच अवधी असल्याने तेथे सोपी गृहीतके अपरिहार्य आहेत. संशोधकाला ती सबब नाही. त्याने प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या भूरचनेवर उभा आहे आणि ती बदलल्यास किती बदलतो, हे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या किनाऱ्यावर अपेक्षित लाटेची उंची अखेर याच आकड्यांवरून ठरणार आहे.