‘ॲट बॉम्बे’ आणि ‘ऑफ मुंबई’

मुंबई उच्च न्यायालयाचं मुंबईतलं कुठलंही निकालपत्र उघडलं की पहिल्या पानाच्या माथ्यावर एक ओळ दिसते : ‘इन द हाय कोर्ट ऑफ ज्युडिकेचर ॲट बॉम्बे’. वकिलांच्या हातून ती रोज टाइप होते, पक्षकाराचं तिच्याकडे लक्षही जात नाही. इंग्रजीत गावाचं नाव संस्थेच्या नावात कसं गुंफतात हे मात्र या एका ओळीतून जितकं स्वच्छ कळतं, तितकं व्याकरणाच्या पुस्तकातूनही क्वचितच कळतं.

सुरुवातीचं ‘इन’ सोडलं तर ओळीत दोन लहान अव्ययं आहेत. ‘ऑफ’ सांगतं, हे न्यायालय न्यायदानाचं आहे. ‘ॲट’ सांगतं, ते बसतं कुठे. म्हणजे बॉम्बे ही इथे न्यायालयाची हद्द नव्हे, बैठक आहे. १८६२ साली लेटर्स पेटंटने हे न्यायालय स्थापन झालं तेव्हा त्याचा अंमल मुंबई इलाख्यावर होता. आज तो महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांवर आहे. हद्द एवढी बदलली, तरी ‘ॲट’ला धक्का लागला नाही, कारण त्याने हद्दीविषयी कधी काही म्हटलंच नव्हतं. शेजारी केरळचं शीर्षक ठेवून पाहा : ‘हाय कोर्ट ऑफ केरला ॲट एर्नाकुलम’. राज्य ‘ऑफ’कडे, गाव ‘ॲट’कडे. वाटणी अगदी चोख.

पणजीच्या बाजूने येणाऱ्या निकालांवर ओळ वेगळी असते : ‘हाय कोर्ट ऑफ बॉम्बे ॲट गोवा’. इथे बॉम्बे ‘ॲट’ सोडून ‘ऑफ’जवळ गेलं. गोव्यातल्या खंडपीठासाठी बॉम्बे हे बसण्याचं ठिकाण उरत नाही, ते न्यायालयाची ओळख होतं. शिवाय एरवी राज्याच्या नावाआधी इंग्रजीत ‘इन’ येतं, इथे अख्ख्या गोव्याला ‘ॲट’ लावलं आहे, जणू तो नकाशावरचा एक बिंदू आहे. कारकुनी सोयीचा भाग असेल, पण खंडपीठाचं आसन म्हणून पाहिलं तर मला तो शब्द तिथे शोभून दिसतो.

शहर १९९५ पासून इंग्रजीतही मुंबई आहे, न्यायालय मात्र इंग्रजीत बॉम्बेच. नाव बदलण्याचं विधेयक २०१६ साली लोकसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून इंग्रजी मजकुरात ‘द बॉम्बे हाय कोर्ट इन मुंबई’ असं लिहिलं तर त्यात विसंगती काहीच नाही, ते तंतोतंत बरोबर आहे. मराठीत आपण ‘मुंबई उच्च न्यायालय’ म्हणतो, म्हणतच राहावं. पण इंग्रजीत लिहिताना संस्थेचं नाव आपल्या मताप्रमाणे दुरुस्त करून टाकणं मला मान्य नाही. आयआयटी बॉम्बेचंही तेच. उलट विद्यापीठाने बदल केला : १८५७ ची ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ १९९६ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ झाली. बोलताना ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ म्हटलं तर काही बिघडत नाही. अर्जावर आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर मात्र ‘ऑफ’ हवंच, आणि ते नाव वाक्यात आलं की आधी ‘द’ही हवं. गाव पुढे आलं की ‘द’ गळतं.

ही उलटापालट दर वेळी निरुपद्रवी नसते. ‘युनिव्हर्सिटी ऑफ मायामी’ फ्लोरिडात आहे. ‘मायामी युनिव्हर्सिटी’ ओहायोत, ऑक्सफर्ड नावाच्या गावात, १८०९ पासून. ‘युनिव्हर्सिटी ऑफ यॉर्क’ इंग्लंडमध्ये, ‘यॉर्क युनिव्हर्सिटी’ टोरांटोत. प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या मुलाने शब्द फिरवले तर पत्ता दुसऱ्या राज्यात, नाहीतर थेट महासागरापलीकडे जातो.

विमानतळांच्या नावांत सहसा अव्यय नसतं. ‘हीथ्रो एअरपोर्ट’, ‘छत्रपती शिवाजी महाराज इंटरनॅशनल एअरपोर्ट’ : आधी नाव, मग एअरपोर्ट, आणि सुरुवातीला ‘द’ नाही. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ते ‘द’ हटकून घुसतं. हीथ्रो ही मुळात एक वाडी. १९४४ मध्ये विमानतळासाठी ती पाडली. पुढची वीसेक वर्षं नाव होतं नुसतं ‘लंडन एअरपोर्ट’. १९६६ मध्ये वाडीचं नाव अधिकृतपणे परत आलं. गोव्याच्या प्रवाशाला तर नुसतं ‘गोवा’ पुरत नाही. दाबोळी वास्कोजवळ दक्षिणेला, मनोहर इंटरनॅशनल एअरपोर्ट उत्तरेला पेडण्यात, मोपावर. घ्यायला येणाऱ्याला निरोप देताना दाबोळी की मोपा हे स्पष्ट लिहायलाच हवं.

ज्या नावापाशी मी सर्वांत जास्त थांबतो ते मात्र मराठवाड्यातलं आहे. १९५८ साली औरंगाबादला ‘मराठवाडा युनिव्हर्सिटी’ स्थापन झाली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नामांतरासाठी १९७९ चा लाँग मार्च निघाला. निर्णय झाला तो १४ जानेवारी १९९४ ला, आणि तो नामांतराचा नव्हता, नामविस्ताराचा होता : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा युनिव्हर्सिटी’. आधीचा शब्द राहिला आणि त्याच्या पुढे बाबासाहेब उभे राहिले. या नावातला शब्दक्रम म्हणजे सोळा वर्षांच्या लढ्याचा निकाल आहे. त्यातून ‘मराठवाडा’ वगळणं चूक, आणि सवयीने नुसतं ‘मराठवाडा युनिव्हर्सिटी’ लिहिणं त्याहून मोठी चूक. त्याच वर्षी नांदेडला ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा युनिव्हर्सिटी’ निघाली, त्यामुळे ते अर्धं नाव आज कुणा एकीकडे बोटही दाखवत नाही. ज्यांना लांब वाटतं त्यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडचं ‘बामू’ वापरावं. त्यात बाबासाहेबही आहेत आणि मराठवाडाही.

पूर्ण नाव इंग्रजीत लिहिलं की शेवटी स्वल्पविराम येतो आणि मग शहर. उच्च न्यायालयाच्या ओळीत जे काम ‘ॲट’ करतं ते इथे तो स्वल्पविराम करतो. त्याच्या आधी आहे ते नाव, नंतर आहे तो पत्ता. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा बदल झाला तो स्वल्पविरामाच्या पलीकडे.