रोज एक फोटो, आणि मग काय?

आयोजकांनी आजचा विषय ‘हौशी छायाचित्रण : रोजचा सराव’ असा छापलाय. त्यात आम्ही आमच्या पदरचा एक शब्द घालणार आहोत, तो म्हणजे टीका. सराव करा, सराव करा, हे सगळेच सांगतात. टीका मात्र एक तर कुणी करत नाही, आणि केली तर ती कशी करावी हे कुणाला ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं.

आम्ही नाशिकचे सात-आठ हौशी लोक. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी शाळेत शिकवणारं, एकाचं हार्डवेअरचं दुकान. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की प्रत्येकाने रोज एक फोटो काढायचा आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसून बघायचे. पहिल्या चार महिन्यांत काय झालं? गोदाघाटावरचा सूर्योदय, कबुतरं, साधू, आणि सगळ्यांचं एकच उत्तर : ‘अप्रतिम!’ (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये तो सूर्योदय असणार. चार महिन्यांनी शंभराच्या वर फोटो जमले, आणि शंभरावा फोटो पहिल्यापेक्षा बरा होता असं म्हणायची आमची हिंमत नव्हती.

म्हणजे नुसत्या सरावाने काही होत नाही का? इथे आम्हाला गॅरी विनोग्रँड आठवतो. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर अफाट काम केलेला मोठा छायाचित्रकार. काढलेला रोल तो लगेच धुवायचा नाही. काढतानाची धुंदी उतरली की मग शांतपणे निवड करायची, अशी त्याची रीत. रीत उत्तमच. पण शेवटच्या वर्षांत काढणं वाढत गेलं आणि बघणं राहून गेलं. 1984 साली, वयाच्या 56व्या वर्षी तो वारला, तेव्हा सुमारे 2,500 रोल न धुतलेलेच पडून होते. धुतलेले पण प्रिंट करून न पाहिलेले आणखी काही हजार. त्यावर न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 1988 साली प्रदर्शन झालं. ते मांडणाऱ्या जॉन झारकोव्स्की यांना हे शेवटचं काम उतरलेलं वाटलं. पुढे इतरांनी त्यातून चांगली चित्रं शोधूनही काढली. तो वाद तज्ज्ञांचा. आमच्यापुरता मुद्दा एवढाच की विनोग्रँडसारख्यालाही न बघता काढत राहणं झेपलं नाही, तर आपलं काय घेऊन बसलात!

याच्या उलट टोकाला प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात याचा उजवा हात गेला. 1940 ते 1954 अशी सुमारे चौदा वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. सुरुवातीची वर्षं जर्मनांच्या ताब्यातल्या शहरातली. काचेवर साचलेलं दव, बाहेर एक वाकडं झाड, कधी काठावर ठेवलेला ग्लास. बस्स. खरं सांगायचं तर त्यातले काही फोटो आम्हाला जरा गोडगोड वाटतात, दव म्हटलं की सुदेकचा हात सैल सुटतो. पण ओळीने बघत गेलात तर एक गोष्ट कळते. विषय बदलतच नाही, त्यामुळे ‘आज काही मिळालं नाही हो’ ही सबब संपते. उरतो फक्त उजेड. आणि उजेड मात्र रोज नवा असतो.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, आणि तेही आमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाचं. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एक एक फ्रेम घेतली. ‘अंकुराची वाढ’ ती हीच. ती त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्या माणसाला दाखवली. म्हणजे रोजचा सराव झाला आणि लगेच बघणारा डोळाही समोर बसवला.

हे वाचून आम्ही शहाणे झालो आणि नियम केला : महिनाभर एकच जागा. आमच्यातल्या एकाने काळाराम मंदिराची भिंत घेतली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, अहो, दगड एवढा काळा, फोटोत राखाडी का येतो? कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हणून काळं उजळ होतं आणि पांढरं धोतर मळकं दिसतं. एक्स्पोजर एक स्टॉपने खाली घेतलं आणि दगड काळा झाला. हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं बरं का. हाताला कळलं ते भिंतीपाशी.

इथवर ठीक. पण याच सुमारास ‘अप्रतिम’चा कंटाळा येऊन आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. आता प्रत्येक फोटोचं शवविच्छेदन. तृतीयांशाचा नियम पाळलाय का, क्षितिज तिरकं आहे का, हायलाइट्स जळलेत का.

आमच्यात एक काकू होत्या. त्यांनी त्या महिन्याची जागा म्हणून घरातली खोली निवडली. काका अंथरुणाला खिळलेले, पलंगाशेजारी खिडकी. रोज एक फोटो. सतरंजीवर पोस्टकार्ड साइझचे तीस प्रिंट मांडले त्यांनी. आम्ही काय बोललो? खिडकी पूर्ण जळलीय. पलंगाचा दांडा चेहऱ्याच्या आड येतोय. एक जण तर म्हणाला, पडदा लावून घ्यायचा होता. काकूंनी ऐकून घेतलं, प्रिंट गोळा करून पिशवीत घातले. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात काका गेले.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यातला एक फोटो भिंतीवर होता. काकू आपणहूनच म्हणाल्या, ‘‘दिवसभर ते त्या उजेडाकडेच बघत असायचे. म्हणून तो तसाच ठेवला होता.’’ तीस फोटोंमधली ती पांढरी खिडकी आमच्यापैकी कुणीही चूक सोडून दुसरं काही म्हणून पाहिलीच नव्हती. दांड्याबद्दल मात्र आम्ही बरोबर होतो असं आम्हाला अजूनही वाटतं. पण ते त्या दिवशी, त्या आवाजात सांगायचं होतं का?

तेव्हापासून आमची बैठक बदलली. ज्याचा फोटो, त्याने आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी फक्त दिसतं ते सांगायचं : नजर आधी कुठे गेली, मग कुठे, कुठे अडली. ‘आवडलं’ आणि ‘चुकलं’ हे दोन्ही शब्द बंद. मग विचारायचं, हे असं का ठेवलंत? त्याचं उत्तर आल्यावर तांत्रिक दुरुस्त्या, आणि त्याही जास्तीत जास्त दोन, कारण तिसरी दुरुस्ती माणसाच्या लक्षात राहत नाही. याने बैठका लांबल्या, दोघे जण कंटाळून गळाले. स्तुती ऐकायला आलेल्या माणसाला हे फार कोरडं वाटतं, हेही कबूल करतो. अजूनही आमच्या तोंडून ‘हायलाइट्स’ निघून जातंच.

फोटो सुधारले का, असं तुम्ही विचाराल. काहींचे सुधारले. भिंतवाल्याचे नक्कीच. सूर्योदयवाले अजून घाटावरच आहेत.

मागच्या टेबलावर आम्ही पंचवीस प्रिंट मांडलेत. नावं, शीर्षकं काही लिहिलेली नाहीत. काकू अजून बैठकीला येत नाहीत, पण त्यांनी परवानगी दिली म्हणून खिडकीचे तीन प्रिंट त्यात आहेत. चहा तिथेच आहे. बघा, आणि नजर आधी कुठे गेली ते आम्हाला सांगा.