परसातली चूल हिवाळ्याला तयार होते

दिवाळी सरते, उघडीप पक्की होते आणि मराठवाड्यातल्या गावांतून परसातल्या चुली पुन्हा घातल्या जातात. घरात गॅस आला, २०१६च्या उज्ज्वला योजनेनंतर तो आणखी घरांत पोचला. तरी परभणीकडे पारा दहाच्या खाली उतरतो त्या पहाटे आंघोळीचं पाणी तापतं ते परसात, आणि बाजरीची भाकरीही तिथेच होते. या चुलीवरच्या जेवणाचं कौतुक पुष्कळ होतं. मला तिची तयारी त्याहून देखणी वाटते.

सुरुवात मातीच्या निवडीपासून. रानातली काळी माती हाताशी असते, पण जाणती बाई ती चुलीला लावत नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. म्हणून गावठाणातली पांढरी माती आणायची, नाहीतर वारुळाची, बारीक आणि चिकट. तिच्यात भुसा आणि शेण कालवून ती तुडवायची, म्हणजे त्यांतले तंतू मातीला धरून ठेवतात. पावसाने झिजलेले चुलीचे काठ आधी खरवडले जातात. मग थापण्यापूर्वी बाई जुन्या मातीवर पाण्याचा हात फिरवते. हे पाहणाऱ्याच्या सहज नजरेतून सुटतं. कोरडी जुनी माती ओल्या थराचं पाणी शोषून घेते आणि नवा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. तो सुटू नये म्हणून हा ओला हात. एवढ्याशा कृतीत किती अनुभव मुरलेला आहे!

आता आडोसा पाहा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा होता, हिवाळ्यात तो ईशान्येकडून येतो. त्यामुळे तुराट्यांचा कूड उत्तरेला आणि पूर्वेला उभा राहतो, दक्षिण मोकळी राहते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्याचं सकाळचं ऊन थापणाऱ्या हातांवर यावं म्हणून. कूड शेणमातीने लिंपलेला, पण पुरता उंच नाही. बसलेल्या बाईला वारा लागणार नाही इतकाच. वरून धूर निघून जातो. भिंत कुठे थांबवायची हे ज्याला कळलं, त्याला वारा कळला.

चुलीवरचे तीन उंचवटे तर बारकाईने पाहण्यासारखे. तीन टेकूंवर ठेवलेलं भांडं डुगडुगत नाही, चौथा आला की एखादा अधांतरी राहतो. त्यांच्यामधल्या फटींतून जाळ भांड्याच्या अंगाला वेढतो आणि चुलीला श्वास मिळतो. पण माझ्या मते खरी करामत वैलाची. मुख्य चुलीच्या कुशीला लागून हे दुसरं, धाकटं तोंड. मधल्या भिंतीत एक भोक, आणि त्यातून उरलेली धग वैलाखाली जाते. त्याला वेगळं सरपण नाही. इकडे तव्यावर भाकऱ्या होत असतात, तिकडे वैलावर आमटी मंद उकळत राहते. भोक मोठं झालं तर जाळ पळतो आणि तवा थंड पडतो, लहान राहिलं तर आमटी निवते. हे माप कुठे लिहिलेलं नाही. बाई मूठ आत घालून पाहते, बोटाने काठ जरा गोल करते आणि थांबते. अशा वेळी दाद द्यावीशी वाटते.

सारवून झाल्यावर घाई नाही. ओल्या मातीवर मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन चूल तडकते. म्हणून आधी सावलीत सुकवायची, मग एखादी गोवरी नुसती धुमसत ठेवायची, आणि चुलीच्या अंगातली ओल गेल्यावरच लाकडं.

सरपणाची मांडणीही पाहण्यासारखी. दवाने ओलं होऊ नये म्हणून ते दगडांवर उचलून रचलेलं असतं. तुराटी भडकन पेटते, बाभळीचा निखारा टिकतो. भाकरीला दोन्ही हवेत. तव्याखाली जाळ, आणि चुलीच्या तोंडापुढच्या वीतभर सारवलेल्या जागेत ओढलेले निखारे. तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकलेली भाकरी तिथे उभी केली की तिचा पापुद्रा सुटतो, ती टम्म फुगते. ती वीतभर जागा मातीकाम करतानाच राखलेली होती, हे लक्षात घ्या. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी फुगते, तिची सोय कार्तिकातच झालेली असते.

या हिवाळ्यात कुणाच्या परसात पंगतीला बसलात, तर भाकरीची तारीफ जरूर करा. त्याआधी उठून वैलाचं ते भोक मात्र एकदा पाहून या, आणि ते कुणी कोरलं हे विचारा.