पानाची मांडणी आणि मेजाची मांडणी

जेवणाचे मेज कसे मांडावे, या विषयावर आजकाल पुष्कळ लिहिले जाते. या लेखनाचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखक काट्याची जागा, सुरीच्या धारेचे तोंड आणि हातरुमालाच्या घड्या यांचे नियम इंग्रजी पुस्तकांतून उतरून घेतात. दुसऱ्या वर्गातील लेखक, आपल्या ताटातील चटणी-कोशिंबिरीच्या जागा प्राचीन ऋषींनी आयुर्वेदाच्या आधारे कायमच्या ठरवून दिल्या आहेत, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. दोहोंचे लेखन वाचताना आमच्या मनात एकच शंका येते. ज्या ग्रंथांच्या नावावर हे नियम खपविले जातात, ते ग्रंथ या मंडळींनी कधी उघडून पाहिले आहेत काय? आम्ही ते पाहिले, आणि त्यांत जे आढळले ते दोन्ही पक्षांस फारसे सोयीचे नाही.

प्रथम इंग्रजी पक्ष घेऊ. इझाबेला बीटन या बाईंचा गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथ १८६१ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. तो वाचताना डोळ्यांसमोर एखादी चष्मा लावलेली, चार सुनांना धाकात ठेवणारी वृद्धा उभी राहते. वस्तुतः बाई त्या वेळी अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि पुढे अठ्ठाविसाव्या वर्षी वारल्या. हा ग्रंथ मध्यम स्थितीतील गृहिणींसाठी असला तरी त्यात नोकरांच्या पगाराचे कोष्टक आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण मेज मांडण्याच्या इंग्रजी नियमांचा सगळा उलगडा त्या कोष्टकात आहे.

युरोपातील श्रीमंतांच्या घरी अठराव्या शतकात फ्रेंच रीत चालत असे. एका फेरीचे सर्व पदार्थ मेजावर एकदम, तोलून मापून मांडीत आणि पाहुणे आपल्याजवळील थाळीतून स्वतः घेत व शेजाऱ्यास देत. एकोणिसाव्या शतकात तिची जागा हळूहळू रशियन रीतीने घेतली. हिच्यात पदार्थ बाहेरच कापून, एकामागून एक, नोकरांच्या हातून प्रत्येकासमोर येतात. मेजाचा मध्यभाग त्यामुळे रिकामा पडला, तेथे फुले आणि फळे आली. आणि येणाऱ्या पदार्थांच्या क्रमाने काट्या-सुऱ्यांची रांग बशीच्या दोहों बाजूंस लागली. सर्वांत बाहेरचे हत्यार आधी उचलावे, हा जो नियम आज तरुण मंडळी मुलाखतीच्या तयारीसारखा पाठ करतात, त्याचा उगम हा असा आहे. त्यात सनातन असे काही नाही. खुर्चीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या नोकराची ती मेजावर पडलेली सावली आहे. बीटनबाईंना हे पक्के ठाऊक होते. रशियन रीत लहान घरांना परवडणारी नाही, तिला कापणारे-वाढणारे पुष्कळ नोकर लागतात आणि बशा, काटे, सुऱ्याही घरात असतात त्याहून अधिक लागतात, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेविले आहे. त्यांच्या अनुयायांनी काट्यांची रांग उचलली आणि ही सूचना तेवढी सोडून दिली.

काटा डाव्या हाताला का, याचेही उत्तर शिष्टाचारात नसून हाताच्या कामात आहे. टॉमस कोर्याट या इंग्रज प्रवाशाने १६११ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात इटलीतील लोक एका हातातील सुरीने मांस कापताना दुसऱ्या हातातील काट्याने ते धरून ठेवतात, हे मोठे नवल म्हणून नोंदविले आहे. सर्वांची बोटे सारखी स्वच्छ नसतात, म्हणून अन्नाला बोट लागलेले त्यांना खपत नाही, असेही तो सांगतो. स्वदेशी परतल्यावर काटा वापरल्याबद्दल मित्रांनी त्याची थट्टा केली. कापणारा उजवा हात बलवान, म्हणून सुरी उजवीकडे आणि धरणारा काटा डावीकडे. जेथे कापावयाचे काही नाही, तेथे या जोडीचे प्रयोजनही नाही. वरणभाताच्या ताटाशेजारी सुरी ठेवणारास ती कशासाठी ठेविली, असे एकदा विचारून पाहावे.

आता आपला अभिमानी पक्ष. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ वा अध्याय अन्नपानविधीचा आहे, आणि त्यात पात्रे व पदार्थांच्या जागा खरोखरच सांगितल्या आहेत. तूप लोखंडाच्या पात्रात, तापवून निवविलेले दूध तांब्याच्या, आंबट खड दगडी, पाणी मातीच्या आणि राग-षाडवांसारखे चटकदार पदार्थ काचेच्या किंवा स्फटिकाच्या पात्रात द्यावे. जेवणाऱ्याच्या पुढ्यात रुंद, स्वच्छ पात्रात भात आणि वरण. फळे, खाद्ये आणि सर्व कोरडे पदार्थ उजवीकडे. पातळ पदार्थ, रस, पाणी, पानक, दूध, कढणे ही डावीकडे. गुळाचे प्रकार व राग-षाडव या दोहोंच्या मध्ये, समोर. वर्णन इतके नेटके आहे की वाचताना ते पात्र डोळ्यांसमोर मांडले जाते.

परंतु हे आपले ताट आहे काय? आपल्याकडे आमटीची वाटी उजवीकडे. सुश्रुताचे पातळ पदार्थ डावीकडे. आपल्याकडे चटणी-लोणचे डावीकडे. त्याचे चटकदार पदार्थ समोर मध्यावर. दोहोंत जुळते ते पुढ्यातले वरण आणि भात, एवढेच. शिवाय हा उपदेश बहुतांशी राजाच्या पाकशाळेला उद्देशून आहे. विश्वासू माणसे नेमावी, विषनाशक औषधांचा आणि मंत्रांचा प्रयोग करून अन्न वाढावे, असे तेथेच सांगितले आहे. आपल्या घरांतून तेवढी धास्ती अद्याप उत्पन्न झालेली नाही. आणि ज्या डाव्या बाजूचा एवढा गौरव होतो, त्या डाव्या बाजूवरची मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशी आली. टोमॅटो आणि भुईमूगही अमेरिकेचेच. ती बाजू आज आहे तशी कोणत्याही ऋषीने पाहिलेली नाही. तिला ऋषींचा दाखला मिळवून देण्याची खटपट हे आमच्या मते तिच्याविषयीच्या अविश्वासाचेच लक्षण आहे. चालीत काही शहाणपण असेल तर ते पाहणाऱ्यास ग्रंथावाचूनही दिसते.

ते दिसते की नाही, पाहू. येथे आधी सांगितले पाहिजे की हे ताट म्हणजे अवघा महाराष्ट्र नव्हे. शेतात भाकरीवरच कालवण आणि कांदा घेऊन जेवणाराला ताटच लागत नाही; त्याची भाकरी हेच ताट. चौरस मांडणीचा प्रपंच ज्या घरांतून सणावारी पंगती उठल्या, त्या घरांतला. त्या घरात वाढणारी प्रथम मीठ वाढते, वरच्या बाजूस, मध्याशी. मग त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. खाली पुढ्यात भाताची मूद, तिच्यावर वरण आणि अन्नशुद्धीचे तूप. उजव्या हाताने जेवणाराचा हात पुन्हा पुन्हा जावयाचा तो भाजी-आमटीकडे. ती त्याच्या वाटेत आहेत. डावीकडच्या पदार्थांकडे हात क्वचित, आणि पुढ्यातले ओलांडून, मुद्दाम जातो. म्हणून ते थोडे वाढावयाचे. हा भेद पोट भरणारे आणि चव लावणारे यांच्यातला आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रांधणारीची सत्ता आणि जेवणाराची सत्ता यांच्यातला आहे. उजवी बाजू जशी शिजली तशी खावयाची. डावी बाजू जेवणाराच्या स्वाधीन. अळणी वाटले तर मीठ आहे, मिळमिळीत वाटले तर लोणचे आहे. कोणास काही न सांगता, यजमानिणीचा मान राखून, आपल्या घासाची चव आपण सुधारून घ्यावी. आपल्या ताटाची डावी बाजू हा सौजन्याचा फार मोठा शोध आहे, असे आम्हांस वाटते. इंग्रजी मेजावरील मीठ-मिऱ्याच्या कुप्यांचे काम तेच. पण तेथे शेजाऱ्याला हाक मारून कुपी मागावी लागते, आणि मग सर्वांना कळते.

पाण्याचेही तसेच. उजवा हात खरकटा, म्हणून भांडे उचलावयाचे डाव्या हाताने. अर्थात ते डावीकडे सोयीचे. इंग्रजी प्याला सुरीच्या टोकाशी उजवीकडे असतो, कारण तेथे हात खरकटा होत नाही. आपल्या मेजावर प्याले चित्रांतल्यासारखे उजवीकडे ओळीने मांडलेले दिसतात, आणि जेवण सुरू झाल्याबरोबर ते एकामागून एक मुकाट्याने डावीकडे जातात. हे स्थलांतर आम्ही अनेक घरी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, ताटाचे व्याकरण एवढे निर्दोष होते तर पाट टाकून मेज घेतलेच कशाला? घेतले ते उत्तम केले. पाटाच्या पंगतीत जागा कोणाला मिळे आणि कोणाला नाही, हे विसरून तिच्या रांगोळीचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होय. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, एवढ्यावरून उठलेल्या ग्रामण्यात रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका पेल्याने एवढे घडत होते. मेजाला सोवळे नव्हते, कारण ते परके होते. त्याच्याभोवती कोणीही कोणाशेजारी बसावे. पानांत डावे-उजवे न करण्याची आपली शिकवण जुनी होती, पण ती पंगतीत बसलेल्यांपुरती होती. मेजाने पंगतीची कड थोडी रुंद केली, हे त्याचे ऋण मानलेच पाहिजे.

तथापि मेज घेताना आपण एक वस्तू घेण्यास विसरलो. इंग्रजी मेजाच्या एका टोकाला घरमालक बसे आणि दुसऱ्या टोकाला घरमालकीण. तिची खुर्ची नेमलेली होती. उभे राहणारे नोकर होते, आणि त्यांच्या उभे राहण्यातील अन्याय हा वेगळा प्रश्न. आपण काटे घेतले, काचेचे प्याले घेतले, मेजावर घालावयाचे वस्त्र घेतले आणि ती खुर्ची तेवढी रिकामी ठेविली. पाटावरच्या पंगतीत बायका वाढीत आणि मागून जेवीत. तीच रीत आपण चार पायांवर उचलून ठेविली.

मागे एकदा एका सुशिक्षित कुटुंबात आम्ही जेवावयास गेलो होतो. मेज सहा खुर्च्यांचे. मांडणी पाहून मन प्रसन्न झाले. पाच ताटे होती, डावी-उजवी बाजू बिनचूक, प्रत्येक ताटाजवळ घडी केलेला रुमाल. यजमानांनी जेवता जेवता ताटाच्या शास्त्रीय रचनेवर दहा मिनिटे विवेचन केले. सुश्रुताचे नावही आले. सहावी खुर्ची भिंतीशी सरकविलेली होती. बाई एक-एक पोळी तव्यावरून उतरवून आणून वाढीत होत्या, चौथ्या खेपेस आम्ही त्यांना बसण्याविषयी विनविले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या, मला सवय आहे." यजमानांनी लिंबाच्या फोडीचे प्रयोजन पुढे सांगावयास घेतले. मेज व्यवस्थित मांडलेले नव्हते, हे आम्हांस तेव्हा प्रथम जाणवले.

सर्वांनी एकदम बसावयाचे म्हटले की वाढणार कोण, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो सामान्य नाही. नोकर नाहीत, असूही नयेत. मग उरते ती बीटनबाईंच्याही आधीची फ्रेंच रीत. सगळे पदार्थ मेजाच्या मध्यावर आणून ठेवावे, पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्या, आणि ज्याने त्याने घ्यावे. यावर पहिला आक्षेप गरम पोळीचा. तव्यावरची पोळी आणि डब्यातली पोळी यांत अंतर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या अंतराची किंमत एका माणसाचे रोजचे जेवण, ही फार होते. दुसरा आक्षेप आग्रहाचा. वाढणाराच्या आग्रहाला आपल्या पाहुणचारात मोठे स्थान आहे; पण शेजारी बसून आग्रह करता येत नाही असे थोडेच आहे?

खरी अडचण तिसरी आहे आणि तिच्याविषयी कोणी लिहीत नाही. पंगतीत वाढणाराचा उजवा हात स्वच्छ असे. मेजावर स्वतः वाढून घेणाराचा उजवा हात खरकटा असतो. तेव्हा डाव धरावा लागतो तो डाव्या हाताने. आणि डाव्या हाताने अन्न वाढू नये, हे आपल्या अंगात इतके मुरलेले आहे की चांगली शिकलेली माणसे या प्रसंगी चमत्कारिक कसरती करतात. कोणी डाव्या हातात डाव धरून उजव्या मनगटाचा त्याला निमित्तमात्र आधार देतात. कोणी दोन बोटे चाटून त्यांच्या चिमटीत डाव धरतात, जे सर्वांत वाईट. डाव्या हाताविषयीची ही किंतु-भावना आता सोडली पाहिजे. तो हात त्या वेळी मेजावरचा सर्वांत स्वच्छ हात असतो. हे एकदा मान्य केले की मांडणीचे नियम आपोआप ठरतात. मध्यावरील भांड्यांतील डावांचे दांडे जेवणाराच्या डाव्या हाताला येतील असे ठेवावे. आमटीचे पातेले मेजाच्या कडेला नसावे, कारण डाव्या हाताने लांबून आमटी आणताना ती सांडते. तुपाची तामली दोन असाव्या, मेजाच्या दोन टोकांना. पाण्याचा प्याला डावीकडे. सुरी नको. काटा ज्याला हवा त्याने मागावा. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे ही मात्र मध्यावर न ठेवता बसण्यापूर्वीच प्रत्येक ताटात, आपापल्या जागी, डावीकडे वाढलेली असावी; ती मागावयास लावली तर त्यांचा अर्थच गेला. आणि ताटे मांडण्याआधी घरातील माणसे मोजावी, पोळ्या लाटणारी धरून, आणि भिंतीशी सरकविलेली खुर्ची ओढून घ्यावी.