जुना हलका रणगाडा : खरेदी, जीर्णोद्धार आणि अस्सलपणाची कसोटी

सावेडी येथील एका हस्तलिखित-संग्राहकांनीं आमच्याकडे असा प्रश्न पाठविला आहे कीं, लष्करानें सेवेंतून काढलेला हलका रणगाडा खाजगी संग्रहासाठीं विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार करणें इष्ट आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या धोरणानें करावा. पोथ्या, शिक्के आणि ताम्रपट यांच्या अभ्यासास वाहिलेल्या पृष्ठांवर लोखंडी यंत्राची चर्चा कशाला, असा आक्षेप कांहीं वाचक घेतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, जीर्ण वस्तु हातीं आल्यावर संग्राहकापुढें उभा राहणारा प्रश्न, पोथी असो वा रणगाडा, एकच असतो : ती वाचावयाची कीं सजवावयाची? या बाबतींत रणगाड्यांच्या हौशी जीर्णोद्धारकांनीं जी परंपरा पाडली आहे, तिचें परीक्षण येथें कर्तव्य आहे.

असा प्रश्न नगराहून यावा हें साहजिक आहे. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, हें चिलखती दळाचें गांव होय. या दळाचें केंद्र व शाळा येथें १९४८ सालीं स्थापन झाली, आणि त्याच संस्थेनें फेब्रुवारी १९९४ मध्यें फराहबागेच्या परिसरांत रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. सुमारें पन्नास वाहनांच्या या संग्रहांत रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, इंग्रजांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन व चर्चिल आहेत, जपान्यांचा हा-गो आहे, आणि हिंदी सैन्यानें वापरलेले व शत्रूकडून घेतलेले रणगाडेहि आहेत. सावेडी मनमाडच्या रस्त्यावर आणि हा संग्रह शहराच्या दुसऱ्या अंगास. पण अभ्यासकास एका सकाळींत जाऊन येतां येईल इतकेंच अंतर आहे.

तथापि लष्करी लोखंडाच्या वाचनाशीं नगराचा संबंध याहून पुष्कळ जुना आहे. विजापूरच्या बुरुजावरील मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगरासच ओतली गेली, आणि तिच्यावर मुहम्मद नांवाच्या रूमी ओतकाराचा लेख आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानें त्याच धातूवर आपल्या विजयाचा लेख कोरविला. पुढें १८५४ सालीं हीच तोफ सरकारी मोडींत निघून लिलावांत दीडशे रुपयांस विकली गेली. तो व्यवहार रद्द झाला म्हणूनच ती आज जागेवर आहे. आतां अशी कल्पना करा कीं, लिलावांत ती घेणारा मनुष्य मोड गाळणारा नसून आजच्या अर्थानें जीर्णोद्धारक होता, आणि तोफ 'मूळच्या स्थितींत' आणावयाची म्हणून त्यानें औरंगजेबाचा लेख घासून काढला. तोफ अधिक जुनी दिसली असती आणि इतिहास एका शतकानें तोकडा झाला असता. मूळ स्थिति कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. वस्तूच्या आयुष्यांत जितके मुक्काम, तितक्या तिच्या मूळ स्थिति.

प्रथम खरेदीचा विचार करूं. अमेरिकेंत व युरोपांत जुने रणगाडे खाजगी मालकीचे असतात, त्यांचे लिलाव होतात, सुटे भाग विकणाऱ्या पेढ्या आहेत. आपल्याकडे तसा बाजार नाहीं. सेवेंतून काढलेला रणगाडा सामान्यतः दोनच वाटांनीं जातो : एक भट्टीकडे, दुसरी चौकांतील किंवा संस्थेच्या आवारांतील चौथऱ्याकडे. १९६५ च्या युद्धांत खेमकरणच्या आघाडीवर हातीं आलेले पॅटन अशाच रीतीनें विजयचिन्हें म्हणून देशभर वांटले गेले. खाजगी मनुष्याच्या आड येणारी मुख्य अडचण तोफेची आहे. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमांतील निषिद्ध शस्त्रांच्या व्याख्येंत तोफा व रणगाडाविरोधी शस्त्रें येतात, आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीवांचून तीं बाळगतां येत नाहींत. म्हणून ज्यास खरेदी करावयाची आहे त्यानें यंत्राआधीं कागद पाहावे. तोफ कायमची निकामी केल्याचा दाखला, निष्कासनाचा हुकूम आणि विक्रीची पावती हीं तिन्ही हातीं नसतील तर तो रणगाडा सनदेवांचून इनामासारखा समजावा. हे कागद केवळ कायद्यासाठींच नव्हेत. त्यांवरील क्रमांक हाच त्या वाहनाच्या वंशावळीचा पहिला दुवा असतो.

हिंदुस्थानच्या इतिहासांत हलक्या रणगाड्यांचीं चार घराणीं ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. अमेरिकन बनावटीचा स्टुअर्ट हें पहिलें. १ नोव्हेंबर १९४८ रोजीं सातव्या लाइट कॅव्हलरीनें तो सुमारें साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजी खिंडींत चढविला. फ्रेंच एएमएक्स-१३ हें दुसरें. तो ऑक्टोबर १९६२ मध्यें विमानांतून चुशूलला उतरविला गेला आणि सप्टेंबर १९६५ मध्यें छांबच्या रणांत लढला. तिसरा पाण्यावर तरंगणारा रशियन पीटी-७६, ज्यानें २१ नोव्हेंबर १९७१ रोजीं गरीबपूर येथें पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांची तुकडी मोडली. आणि चौथा हा चॅफी स्वतः, जो आपल्याकडे आला तो शत्रूचा म्हणून.

यांपैकीं स्टुअर्टचें उदाहरण आमच्या मुद्द्यास विशेष उपयोगी आहे. झोजीच्या मोहिमेंत रणगाडे जम्मूहून श्रीनगरमार्गें बालतालकडे नेतांना वाटेवरचे पूल वजन सोसणार नाहींत म्हणून, आणि हेरांस सुगावा लागूं नये म्हणूनहि, त्यांचे टरेट, म्हणजे वरचे फिरते बुरूज, उतरवून वेगळे नेण्यांत आले व पुढें पुन्हां चढविले गेले. आतां विचार करा : अनेक धडें आणि अनेक बुरूज निरनिराळे झाल्यावर प्रत्येक बुरूज आपल्याच धडावर परत बसला असेल, असें कोण सांगेल? लढाईच्या घाईंत तसें पाहण्याचें कारणहि नव्हतें. पुढें तळाच्या कर्मशाळांतून मोठ्या दुरुस्त्या होतांना एंजिनें, पेट्या आणि बुरूज यांची अदलाबदल हा तर नित्याचाच प्रकार. दोन प्रतींचीं पानें एका रुमालांत बांधलेली पोथी ज्यानें हाताळली आहे, त्यास हें नवल वाटणार नाहीं. अशी पोथी आपण टाकून देत नाहीं, किंवा एका प्रतीचीं पानें काढून ती 'शुद्ध'हि करीत नाहीं. कोणतें पान कोणत्या हातचें हें नोंदवितों, आणि तीं एकत्र कशीं आलीं याचा शोध घेतों. धड आणि बुरूज यांवरचे ठोकलेले क्रमांक न जुळणें हा दोष नव्हे. ती साक्ष आहे. परंतु हौशी जीर्णोद्धारक पुष्कळदां हा विसंवाद लपवितात, किंवा 'जुळता' भाग मिळवून मूळचा भाग मोडींत टाकतात.

या परंपरेचीं दोन प्रसिद्ध फळें तपासूं. इंग्लंडांतील बॉविंग्टनच्या संग्रहालयानें १९४३ सालीं ट्यूनिसियांत हस्तगत झालेला जर्मन टायगर रणगाडा, क्रमांक १३१, दीर्घ परिश्रमानें दुरुस्त करून २००३ सालीं चालता केला. त्याचें मूळ एंजिन पूर्वींच अभ्यासासाठीं कापून उघडें केलेलें असल्यामुळें नंतरच्या बनावटीचें, टायगरच्याच दुसऱ्या पिढींतलें एंजिन त्यांत बसविलें गेलें. येथें प्रशंसनीय गोष्ट ही कीं, हा फरक लपविला गेला नाहीं, आणि मूळ एंजिनहि जपून ठेवलें गेलें. याच रणगाड्याच्या पाडावाविषयीं दीर्घकाळ रूढ असलेली हकीकत, तिची तारीख आणि जागा दोन्ही, अलीकडच्या काळांत दुरुस्त झाली आहेत. अशा वादांत दफ्तरांतील कागद आणि सैनिकांच्या आठवणी यांच्या जोडीस उभा राहणारा तिसरा साक्षीदार म्हणजे पोलादावरच्या गोळ्यांच्या खुणा. त्या खुणा कोणी भरून गुळगुळीत केल्या असत्या, तर तो साक्षीदार कायमचा मुका झाला असता.

दुसरें उदाहरण कॅलिफोर्नियांतील जॅक लिटलफील्ड यांच्या खाजगी संग्रहाचें. नदींतून काढलेला, जवळजवळ भंगार झालेला पँथर रणगाडा त्यांच्या कारखान्यांत वर्षानुवर्षें खपून पुन्हां उभा केला गेला. कारागिरी म्हणून हें काम असामान्य आहे यांत शंका नाहीं. पण जितकें पोलाद नवें घातलें तितकें जुनें बोलावयाचें थांबलें, हेंहि तितकेंच खरें. २००९ सालीं लिटलफील्ड वारले. संग्रह पुढें एका न्यासाकडे गेला आणि जुलै २०१४ मध्यें त्यांतील शंभराहून अधिक वाहनें लिलावांत विकलीं गेलीं. खाजगी संग्रहाचें आयुष्य बहुधा मालकाच्या आयुष्याइतकेंच असतें, हा अनुभव महाराष्ट्रांतील दफ्तरांच्या इतिहासांत आपण पुष्कळ वेळां घेतला आहे. म्हणून दुरुस्तीची लेखी नोंद यंत्राबरोबर नसेल, तर पुढच्या मालकाच्या हातीं कोणता खिळा १९४३ चा आणि कोणता २००३ चा हें सांगणारें कांहींच उरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. हातीं आलेल्या रणगाड्यावर सर्वांत मोठा अत्याचार होतो तो वाळूच्या फवाऱ्यानें. गंज जावा म्हणून धड घासून उघडें पाडतात, आणि गंजाबरोबर रंगाचे सर्व थर जातात. हे थर म्हणजे एकावर एक लिहिलेलीं पानें होत. तळाशीं कारखान्याचा रंग, त्यावर पलटणीचा, त्यावर तुकडीच्या खुणा, कधीं नांव, कधीं पुसट क्रमांक, आणि शेवटीं चौथऱ्यावर उभें करतांना फासलेला चकचकीत हिरवा. अनुभवी हात नखाएवढ्या जागेंत थर एकेक करून उलगडतो, प्रत्येकाचें छायाचित्र घेतो, आणि बाकीचें अंग तसेंच राखतो. हरताळ लावून खोडलेल्या ओळीखालचें अक्षर उजेडाकडे धरून वाचणाऱ्यास ही रीत शिकवावी लागणार नाहीं.

यंत्राच्या बाबतींत घाई तितकीच घातक. स्टुअर्टच्या एम-३ या जातींत विमानाच्या धर्तीचें, सात नळकांडीं चक्राकार बसविलेलें एंजिन असतें. तें पुष्कळ दिवस उभें राहिल्यास तेल खालच्या नळकांड्यांत उतरतें. हातानें फिरवून तें काढल्यावांचून कळ दाबली तर आंतले दांडे वाकतात. एम-५ मध्यें त्याऐवजीं मोटारींचीं दोन कॅडिलॅक एंजिनें आहेत, म्हणून एका जातीचें ज्ञान दुसरीस चालत नाहीं. एएमएक्स-१३ च्या बुरुजांत सहासहा गोळ्यांचीं दोन फिरतीं कोठारें आहेत. बारा बार झाले कीं तीं बाहेरून भरावीं लागत, म्हणून लढतांना आड जाणें भाग पडे. अशी माहिती केवळ पुस्तकांत वाचून मनावर ठसत नाहीं, आणि चालत्या रणगाड्याच्या पुरस्कर्त्यांचा हाच सबळ मुद्दा आहे. यंत्र हें चालण्यासाठीं केलेलें असतें. तें चालतांना कोठें तापतें, आंतल्या माणसास काय दिसतें व काय दिसत नाहीं, हेंहि इतिहासाचेंच साधन आहे. हा मुद्दा आम्हांस मान्य आहे. परंतु पोथीचें पारायण करण्यासाठीं आपण जुनी प्रत रोज उघडीत नाहीं, तिची नक्कल करवितों. ज्या जातीचीं अनेक वाहनें शिल्लक आहेत, त्यांतलें इतिहासानें सर्वांत कोरें असें एक चालतें करावें; ज्याच्या अंगावर साक्ष आहे तें हलवूं नये.

लोकप्रिय वर्णनांचीहि येथें झडती घेणें आवश्यक आहे. नगरच्या संग्रहाविषयीं प्रवाशांसाठीं छापल्या जाणाऱ्या मजकुरांत, सोम, कांब्रे व फ्लँडर्स येथें वापरलेलीं वाहनें येथें आहेत, अशा अर्थाचीं वाक्यें वारंवार येतात. रणगाडे सोमला सप्टेंबर १९१६ मध्यें प्रथम उतरले आणि कांब्रेला नोव्हेंबर १९१७ मध्यें मोठ्या संख्येनें. हा झाला जातीचा इतिहास. हें अमुक वाहन तेथें होतें, असें म्हणावयाचें तर त्याचा स्वतंत्र पुरावा पाहिजे. 'या तऱ्हेची तलवार पानिपतावर चालली' आणि 'ही तलवार पानिपतावर चालली' या दोन वाक्यांतील अंतर आमच्या वाचकांस सांगावयास नको. एक विधान कोठेंहि खरें असूं शकतें. दुसरें सिद्ध होईपर्यंत दंतकथाच होय.

तेव्हां आमचा निर्णय असा. खाजगी संग्राहकानें कायद्यानें मोकळा असा रणगाडा मिळत असेल तर अवश्य घ्यावा, कारण पर्याय बहुधा भट्टी हाच असतो आणि वितळलेलें साधन कोणत्याहि जीर्णोद्धारानें परत येत नाहीं. मात्र हात लावण्यापूर्वीं सर्व क्रमांक, खुणा, रंगाचे थर आणि मोडतोड यांची पंचयादी छायाचित्रांसह करावी. पाणी सांचणें व गंज पसरणें तेवढें आधीं थांबवावें. नव्या प्रत्येक भागावर वर्ष ठोकावें आणि काढलेला प्रत्येक भाग चिठी बांधून ठेवावा. गोळीची खूण भरूं नये. माहीत नसलेल्या पलटणीचें चिन्ह शोभेसाठीं रंगवूं नये. तें करणें म्हणजे पोथीस खोटी पुष्पिका जोडणेंच होय. ज्यास हीं बंधनें जाचक वाटतात त्यानें रणगाड्याच्या नादास न लागतां त्याची लहान प्रतिकृति करून समाधान मानावें.

शेवटीं एक विनंती. रणगाडा पोलादाचा आहे, तो आणखी शंभर वर्षें उभा राहील. त्याचा अर्थ सांगणारे कागद मात्र तितके टिकणारे नाहींत. नगर, भिंगार व सावेडी या भागांत चिलखती दळांत नोकरी केलेल्या, कर्मशाळांत हातोडा चालविलेल्या माणसांचीं घरें असणारच. त्यांच्या पेट्यांतून चालकांच्या वह्या, दुरुस्तीच्या नोंदी, तुकड्यांचीं छायाचित्रें आणि त्यांच्या पाठीवर पेन्सिलीनें लिहिलेलीं नांवें सांपडण्याचा संभव आहे. हीं रद्दींत जाण्यापूर्वीं वाचकांनीं मिळवावीं, मूळ मालकाकडेच ठेवून त्यांच्या नकला कराव्या, आणि त्यांची यादी मंडळाकडे धाडावी. एखाद्या फिक्या छायाचित्रांतला क्रमांक आणि चौथऱ्यावरच्या धडावरचा क्रमांक जुळला, तर त्या एका जुळणीचें मोल नव्या रंगाच्या दहा थरांहून अधिक ठरेल. इत्यलम्.