ऱ्हस्व-दीर्घाचा पहारा

दलित लेखकाच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना शेवटी शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल खेद व्यक्त करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही. पुस्तकाने विचारलेल्या प्रश्नाला बगल देण्याची ती एक सोय आहे.

१८७३ साली जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली. प्रश्न गुलामीचा होता. हिशेब मागितला गेला व्याकरणाचा.

ज्या नियमांचा एवढा धाक, ते तरी कुठे अढळ आहेत? 'कवि', 'गुरु' असे ऱ्हस्व लिहिणे एके काळी शुद्ध होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले आणि 'कवी', 'गुरू' शुद्ध ठरले. 'कांहीं', 'नाहीं' यांवरचे अनुस्वार गेले. जे विसरले म्हणून पोरांनी मार खाल्ला, तेच देणे पुढे चूक ठरले! शिवाय बोलण्यातील भाषेचे चित्रण करताना 'असं केलं' असे लिहिण्याची मुभा हेच नियम देतात. नियमाला बोली समजते. त्याच्या रखवालदाराला समजत नाही.

१९७२ साली या नियमांत आणखी चारांची भर पडली. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याची प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी ढसाळांबरोबर ती वस्ती फिरून पाहिली. अनोळखी भाषेशी समीक्षकाने कसे वागावे, याचा हा एक नमुना आहे.

याचा अर्थ शुद्धलेखन फेकून द्यावे असा कोणी घेऊ नये. मी वर्गात ते काटेकोरपणे शिकवतो. अर्जातल्या एका वेलांटीवरून आपल्या पोराची लायकी ठरवणारी माणसे मुलाखतीला बसलेली असतात, हे मला ठाऊक आहे. पण ते हत्यार म्हणून शिकवावे, सोवळे म्हणून नव्हे.

शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे : उत्तरपत्रिका तपासताना आधी मुद्दा वाचा, मग वेलांटी दाखवा. लाल शाईने भरलेली वही ज्याच्या हाती पडते, तो मुलगा पुढच्या वेळी कमी लिहितो. ज्या शब्दाची खात्री नाही, तो शब्दच टाळतो. आणि असे टाळलेले शब्द बहुधा त्याच्या घरचे, वस्तीतले, आईच्या तोंडचे असतात. ते कागदावर आलेच नाहीत, तर आपण साहित्य कशाचे लिहिणार आहोत?