सफाई कामगारांच्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग

व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांचं लिखाण मी जरा संशयानंच वाचते. कर्मचाऱ्यांच्या भल्याबद्दल त्यात बरंच काही असतं, पण ते बहुतेकदा मालकाला उद्देशून लिहिलेलं असतं. एमी रेझनेस्की यांचं काम मला वेगळं वाटतं, कारण त्या काम करणाऱ्याच्या बोलण्यापासून सुरुवात करतात.

१९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात: पोटापाण्याची नोकरी, वर चढत जाण्याचं करिअर, किंवा ज्याला इंग्रजीत 'कॉलिंग' म्हणतात ते, म्हणजे स्वतःच मोलाचं वाटणारं काम. ही विभागणी रॉबर्ट बेला आणि सहलेखकांच्या १९८५च्या पुस्तकातून आलेली. नवं होतं ते पुढचं. एका महाविद्यालयात कार्यालयीन काम करणाऱ्या २४ जणांमध्येही हे तिन्ही गट जवळपास सारखे निघाले. म्हणजे हुद्दा एकच, तरी काम प्रत्येकाचं निराळं.

२००१ साली जेन डटन यांच्यासोबत त्यांनी 'जॉब क्राफ्टिंग'ची कल्पना मांडली. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं. काही जण नेमून दिलेलं तेवढंच करायचे. काही जण मात्र परिचारिकांच्या कामाचा अंदाज घेऊन आपल्या कामाच्या वेळा बसवायचे, रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलायचे, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानायचे. साहेबाला न विचारता माणूस आपलं काम, कामातली नाती आणि कामाकडे बघण्याची नजर बदलत असतो, हे या दोघींनी नेमकं टिपलं. ज्यांना कुणी विचार करणारी माणसं म्हणून मोजत नव्हतं, त्यांची अक्कल त्यांनी नोंदवली. हे मोठं काम आहे.

पण पुढे कार्यशाळांमधून ही गोष्ट सांगितली जाऊ लागली ती अशी: बघा, फरशी पुसणाराही आनंदी राहू शकतो, मग तुमची तक्रार काय? मूळ निबंधाचा हा अर्थ नाही. जॉब क्राफ्टिंग संस्थेच्या फायद्याचंच असेल असं नाही, हेही त्यात म्हटलं आहे. तरी असा अर्थ काढायला जागा मिळते, कारण पगार आणि पाळ्या त्या मांडणीच्या कडेला राहतात. कामगार स्वतःहून जे जास्तीचं करतो त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मधोमध येत नाही.

२००३ साली या दोघींनी गेलाये डेबेबे यांच्यासोबत लिहिलेला निबंध फारसा सांगितला जात नाही. त्यात सफाई कामगार इतरांच्या वागण्याबद्दल बोलतात: कोण आपल्याला बघूनही न बघितल्यासारखं करतं, कोण आपल्यातलं मानतं. आपल्या कामाची किंमत माणूस एकटा बसून ठरवत नाही, आजूबाजूचे लोक ती रोज त्याला दाखवत असतात, असा त्याचा आशय. म्हणजे नजर बदलायची जबाबदारी डॉक्टरांवर आणि व्यवस्थापनावरही येते. कार्यशाळेत विकायला हे अवघड आहे.

तिथेही पैशाचा प्रश्न उरतोच. तो बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ साली प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांच्या अभ्यासात धरला. आपलं काम 'कॉलिंग' मानणारे हे लोक त्यात अर्थ शोधत होते, आणि त्याच कारणानं कमी पैसा, जास्त त्रास सोसायला तयार होते. त्यांची निष्ठा वापरून घेणं सोपं होतं.

'कॉलिंग'ला मराठीत शब्द शोधला की मला हे जास्तच जाणवतं. जवळचा शब्द 'व्रत', आणि व्रताचा मोबदला मागायचा नसतो. आशा सेविकांना सरकारी भाषेत स्वयंसेविका म्हटलं जातं. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो, आणि तो वाढवून घ्यायलाही महाराष्ट्रात त्यांना संप करावे लागले. त्यांना आपल्या कामाचा अर्थ कळत नव्हता, असं कुणी म्हणणार नाही.

रेझनेस्की वाचाव्यातच. फक्त २००१चा निबंध वाचला की २००३चाही वाचावा. आणि कुणी कार्यशाळेत त्या सफाई कामगारांची गोष्ट सांगू लागलं, तर त्यांना पगार किती होता, एवढं विचारावं.